बटणं बदललेलं जॅकेट

३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

हे पत्र आई तुला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून आधी तिचं आटपते. आई, मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि दाराला आतून कडी लावते. आता बाकीचं सगळं आजीचं.

महिनाभर मला खालच्या मजल्यावर शिकाऊ म्हणून बसवलं होतं, ते संपलं. आता वर घेतलंय, दावे तपासायच्या विभागात. कोणाचं घर जळतं, कोणाची गाडी ठोकली जाते. ते विम्याचे पैसे मागायला येतात. त्यांचं म्हणणं खरं की खोटं, ते आम्ही बघायचं. विभागाच्या मॅडम म्हणजे धारदार काम आहे. पहिल्याच दिवशी मला केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "समोर बसणारा माणूस सगळं गमावून आलेला असतो. त्याच्यापुढे आपण तरी धड दिसायचं." मार्चअखेरीला कायम करायची नावं त्याच वर पाठवतात. माझं नाव गेलं नाही तर खोली सोडायची आणि तुमच्या दारात येऊन उभं राहायचं, एवढंच उरतं.

म्हणून आई, तू बजावलं होतंस तसंच केलं. मोठ्या दुकानातून सगळं नवं घेतलं. दोन पँट, तीन शर्ट, राखाडी स्कर्ट आणि एक काळं जॅकेट. फोटो पाठवतेय. शोभतेय का सांगा.

तुमची,
खारू


९ फेब्रुवारी

खारूला आजीचा एक धपाटा आणि मग पापा. क्रम चुकवू नकोस.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस, मी अजून आहे. हे वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई लिहितायत. रिटायर झाल्यापासून यांची बोटं शिवशिवतात आणि माझी जीभ, तेव्हा जोडी जमली. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुझी आई स्पीकर लावून ऐकते. म्हणून तू यापुढे मला पत्र यांच्या पत्त्यावर टाक. आईला वेगळं लिही, गोड गोड.

फोटो बघितला. तुझ्या आईने तो फ्रिजवर लावलाय. मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवून झाला, "सगळं नवं घेतलं हो लेकीने!" मी बसले आढ्याकडे बघत. अगं सटवे, उभा जन्म मी जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. मला अक्षर वाचता येत नाही, कपडा येतो. त्या पँटची दुमड उसवून लांबी वाढवलीय, जुन्या दुमडीची रेघ तशीच आहे. जॅकेटचं कोपर चमकतंय. नवं कोपर चमकत नसतं, चार-दोन वर्षं टेबलाला घासावं लागतं. आणि तुझं तोंड तर साखरेच्या डब्यात हात सापडल्यासारखं.

आईला मी बोलणार नाही. तिचं आणि जुन्या कपड्यांचं का वाकडं आहे ते देव जाणे. शाळेत असताना एक दिवस घरी आली आणि म्हणाली, गाळ्यावरचं काहीही मी अंगाला लावणार नाही. का, ते आजतागायत सांगितलं नाही. मीही विचारायचं सोडलं.

आता कामाचं ऐक. घेतलंयस ते वाईट नाही. पण पुढच्या वेळी कपडा उजेडाकडे धरून बघ, काख आणि मांडीची शिवण आधी बघ, कॉलर सगळ्यात शेवटी. दुकानदार कॉलरच चकाचक करून ठेवतो. आणि जॅकेटची बटणं बदल. गाळ्यावर आम्ही एकही जॅकेट बटणं बदलल्याशिवाय टांगत नसू. माणूस आपला जुना कपडा बटणांवरून ओळखतो. बटण नवं की कपडा तुझा.

आजी

(काकूंनी मला "भराभर लिहा, टाइप करत नाही आहात" असं सुनावलं, तेही नोंदवते. — वरची)


१७ फेब्रुवारी

आजी,

पकडलंस. पगारातून खोलीचं भाडं गेलं की नव्या कपड्याच्या दुकानाबाहेरून जायलाही भीती वाटते. बसस्टॉपच्या मागे एक दुकान आहे. लोक घरातले जुने कपडे तिथे देणगी म्हणून देतात, ते विकून पैसे दवाखान्याला जातात. लांबच लांब दांडे, त्यावर हँगर, रंगांप्रमाणे लावलेले. आत शिरताना मी आधी रस्ता बघितला, कोणी ओळखीचं आहे का. आत मात्र सगळं विसरले. एक राखाडी स्कर्ट कमरेत घट्ट होता, हूक सरकवला. पांढऱ्या शर्टाची कॉलर उलटवून शिवली. ते जॅकेट तर अंगात घातलं आणि आरशात कोणीतरी दुसरीच उभी राहिली. जिला कायम करतील अशी.

तू म्हणालीस तशी बटणं बदलली. आधीची सोनेरी, भपकेबाज होती. मी काळी, साधी लावली.

ऑफिसात सगळे बघत राहिले. शेजारच्या टेबलावर एकजण आहे, प्रत्येक गोष्टीची चौकशी करतो म्हणून त्याला सगळे पंचनामा म्हणतात. तो मॅडमसमोरच म्हणाला, "झकास! कुठून घेतलं?" आजी, तोंडातून निघून गेलं. चौकातल्या मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं. "महाग असेल," तो म्हणाला. मी हसले फक्त.

दिवसभर लोकांचं खोटं पकडते आणि संध्याकाळी घरी येऊन माझंच मला आठवतं. पण काय बिघडलं त्यात? कोणाचं काय गेलं?

खारू


५ मार्च

आजी,

हे वाचून झालं की फाड. टायपिस्टबाई, तुम्हालाही विनंती.

आज जेवणानंतर जॅकेट काढून दाराजवळच्या स्टँडवर लावलं. लावताना ते उलटं झालं असणार. अस्तर लाल आहे आणि पाठीवर इस्त्रीचा एक डाग आहे. मी विकत घेतानाच बघितला होता, आतला म्हणून सोडून दिला. मॅडम बाहेरून आल्या आणि स्टँडपाशी थांबल्या. बराच वेळ. मग त्यांनी अस्तरावरून बोट फिरवलं. मी टेबलावरून बघत होते, मला वाटलं त्या किंमत करतायत.

आत बोलावलं. जॅकेट त्यांच्या टेबलावर होतं. म्हणाल्या, "जानेवारीत माझं जॅकेट या स्टँडवरून गेलं. इथेच विसरले होते. हा डाग माझ्या हातचा आहे."

मी अस्तरावरच्या डागाकडे बघितलं.

मग त्यांनी एक बटण दोन बोटांत धरलं. "बटणं बदललीत वाटतं?"

आजी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या आवाजात त्या दावेदारांशी बोलतात ना, त्याच आवाजात विचारलं, "आणि मोठ्या दुकानातून घेतलंत. पावती असेलच." देणगीच्या दुकानात कुठली पावती? मी म्हटलं, तिथून नाही, जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलं. म्हटलं आणि मलाच ऐकू आलं, ते किती खोटं वाटतंय. आमच्याकडे दावेदाराने दुसरी गोष्ट सांगितली की आम्ही समासात लाल रेघ मारतो.

जॅकेट मला परत दिलं. म्हणाल्या, "विचार करा." एवढंच.

जानेवारीत मी खालच्या मजल्यावर होते, पण फाईली द्यायला रोज वर जायचे, येता-जाता तो स्टँड लागायचा. सगळं माझ्याकडेच बोट दाखवतंय.

खारू


९ मार्च

खारू,

आज धपाटा नाही.

बटणं मी बदलायला लावली. गाळ्यावरचं शहाणपण ऑफिसात चालवायला गेले आणि पोरीला तोंडघशी पाडलं. ते झालं. आता नाक पूस आणि ऐक.

चोर चोरलेलं विकतो. दान करत नाही. देणगीच्या दुकानात जो कपडा येतो तो कोणाच्या तरी घरच्या कपाटातून येतो. कोणी मेलेलं असतं, कोणी जाड झालेलं असतं, कोणी भांडलेलं असतं. तुझी मॅडम म्हणते ऑफिसात विसरले. विसरलेलं माणूसच कसं छातीठोक सांगतं बघ, कुठे विसरलं ते!

तू दुकानात जा. पिशवी कोणी आणली ते विचार. दुकानदारणीला गिऱ्हाईक आठवत नाही, पण माल आणून देणारा आठवतो. मी सांगते.

तोवर ते जॅकेट कपाटात ठेव. ना अंगात, ना स्टँडवर.

तुझी आई काल विचारत होती, खारूच्या पत्रात हल्ली नुसतं पाऊसपाणीच असतं, काय झालंय? मी म्हटलं, प्रेमात पडली असेल. तेव्हापासून ती खूश आहे. एवढं एक काम मी चोख केलं.

आजी

(काकू दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. तुम्ही लवकर लिहा. — वरची)


१४ मार्च

आजी,

गेले होते. दुकानातल्या बाईंना जॅकेट दाखवलं. अस्तर बघताच म्हणाल्या, "हो हो, लाल. त्या एका हाताच्या पोरीचं." पोरगी दार ढकलत होती आणि ढकललं जात नव्हतं, दुसऱ्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून त्या उठून दार उघडायला गेल्या. म्हणून लक्षात राहिली. पिशवीत सगळे बायकांचे कपडे. हे जॅकेट, दोन शर्ट, एक निळी लोकरीची शाल. पोरीने काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "हे परत घरी तर येणार नाहीत ना?"

आजी, मी तिला बघितलंय. जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या बाकावर ती संध्याकाळी बसायची, प्लास्टरवर पेनाने मासे काढत. मॅडमची मुलगी. आईची वाट बघायची. मॅडमना नेहमीच उशीर व्हायचा. आता ती दिसत नाही. पंचनामा म्हणाला, आईशी फाटलं, बापाकडे राहायला गेली.

मला कळलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

पुढचं ऐक. काल मॅडमनी बोलावलं. "नावं शेवटच्या शुक्रवारी जातात. त्याआधी जॅकेट स्टँडवर लावून ठेवा. कोणी लावलं ते मी विचारणार नाही. तुमचं काम चांगलं आहे, मला ते वाया घालवायचं नाही." आजी, त्यांना वाटतंय त्या माझ्यावर उपकार करतायत. आणि कदाचित करतायतही.

लावून टाकू का? एका जॅकेटचं ते काय. दुसरं मिळेल, नोकरी मिळायची नाही. खरं सांगायला गेले तर म्हणतील, आधी मोठं दुकान, मग जुनं दुकान, आता माझ्या पोरीवर ढकलते. तिसरी गोष्ट. तिसऱ्या गोष्टीला आम्ही फाईल बंद करतो.

तू म्हणशील तसं. पण लवकर.

खारू


१८ मार्च

खारू,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या आईचंच. टायपिस्टबाई बहिणीकडे गेल्यात. तुझं पत्र त्यांच्या दाराच्या फटीत अडकलेलं तुझ्या आईला दिसलं. पोरीचं अक्षर आणि नाव आपल्या आईचं, पत्ता भलताच. घेऊन आली खाली, माझ्यासमोर बसली आणि फोडलं. मी म्हटलं, आता घर डोक्यावर घेते.

वाचत गेली. "लावून टाकू का"पर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. वाचेना. चष्मा काढून पुसत बसली. मग एवढ्या वर्षांनी ते बाहेर पडलं, जे मी विचारायचं सोडलं होतं. मी सांगत नाही. तिचं तीच लिहिते.

खारू, मी आई. फ्रॉक होता, पिवळा, गाळ्यावरचा. वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, हा माझा आहे. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, नाही, माझा नवा आहे. दुसऱ्या दिवशी मी तो धुतला, इस्त्री केली आणि ती यायच्या आत तिच्या बाकावर ठेवून दिला. वाटलं, मिटेल. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत कोणाचं काहीही हरवलं की आधी माझं दप्तर उघडायचे. खोडरबरसुद्धा. मी परत दिला होता ना, म्हणजे घेतला होता. तू ते स्टँडवर लावू नकोस. नोकरी गेली तर घरी ये. तुझी गादी आहे तिथेच आहे.

आता परत मी, आजी. ही रडतेय आणि लिहितेय, शाई पसरली तर समजून घे.

तू अंगात घाल ते जॅकेट आणि जा तिच्याकडे. आधी तुझं खोटं तू सांग, मग तिच्या घरचं. पण दार लावून, एकटीला. त्या पंचनाम्याच्या कानावर शब्द गेला तर तू खरी ठरशील आणि तिची पोर जन्माची चोर. आपली अब्रू सोडवताना दुसऱ्याची फाडायची नसते, शिवण टाक्याटाक्यानेच उसवायची.

आजी आणि आई


२ एप्रिल

प्रिय आजी, प्रिय आई,

गुरुवारी गेले. जॅकेट घालून. मॅडमनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मी स्टँडवर लावायला सांगितलं होतं."

दार लावलं. म्हटलं, "लावणार नाही. मी ते विकत घेतलंय. मोठ्या दुकानाचं मी खोटं सांगितलं, मला जुन्या कपड्यांची लाज वाटली. माझी आजी जुने कपडेच विकायची. बटणं तिने बदलायला सांगितली, कारण जुने कपडे विकणारे बदलतात. यातलं मला काहीच सिद्ध करता येणार नाही."

त्यांनी पेन उचललं. आई, तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, गेली नोकरी.

"दुकानात कोणी दिलं ते त्या बाई सांगतील," मी म्हटलं. "एका मुलीने. हाताला प्लास्टर होतं. मासे काढलेलं."

मासे मी बोलायला नको होतं. पण तेवढंच होतं जे मी उगीच रचू शकले नसते.

पेन हातातच राहिलं. आई, मी तयारी करून गेले होते, त्या काय काय म्हणतील त्याची. त्यांनी विचारलं, "त्या पिशवीत आणखी काय होतं?"

मी सांगितलं. दोन शर्ट. निळी लोकरीची शाल.

"शालपण," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे वळल्या. "जाताना दार लावून घ्या."

माफी नाही, काही नाही. शुक्रवारी सकाळीच नावं वर गेली. दिवसभर मला कोणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी पंचनाम्याने मोठ्याने विचारलंच, "मॅडम, ते जॅकेटचं काय झालं शेवटी?" त्याला नक्की कुठून कुणकुण लागली होती. मॅडमनी कागदावरून नजर न काढता म्हटलं, "ते तिचं आहे. कामाला लागा." आणि माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेल्या. कायम केल्याचं.

मी शनिवारी संध्याकाळी फोन करणार होते. पण त्या दिवशीचं सांगायचं होतं आणि ते फोनवर, स्पीकरवर, नसतं जमलं.

शनिवारी मी दुकानात गेले, एक पँट बघायला. दारातूनच दिसल्या. मॅडम. बायकांच्या दांड्यापाशी उभ्या होत्या, घरच्या कपड्यांत, केस तसेच. एकेक हँगर सरकवत होत्या. लाल, हिरवं, पिवळं, सगळे. निळे रंग पलीकडच्या दांड्यावर असतात, त्यांना ते माहीत नव्हतं.

मला परत फिरावंसं वाटलं. नाही फिरले. आत गेले, पलीकडच्या दांड्याच्या टोकाला उभी राहिले आणि हँगर सरकवायला लागले. त्यांनी बघितलं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघी दोन्ही टोकांकडून मधे आलो. शाल नव्हती.

खारू


७ एप्रिल

खारूला आजीचे दोन पापे. धपाटा उधार.

तुझ्या आईचं शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून झालं, लेक कायम झाली. फोटो अजून फ्रिजवरच आहे. काल मीटरवाला परत आला तेव्हा म्हणाली, "जुन्या दुकानातलं आहे, पण बघा कसं बसलंय!" तो बिचारा मीटर बघायला आला होता.

शाल मिळायची नाही. चांगली लोकर दुकानात आठवडाभरही टिकत नाही, ती आता कोणाच्या तरी गुडघ्यांवर आहे. मॅडमला तसं सांगू नकोस. अजून दोन-चार शनिवार शोधू दे.

पण तू एक काम कर. त्या दुकानदारणीला विचार, पिशवीतले कपडे कोंबलेले होते की घडी घातलेले. गाळ्यावर आम्हाला पिशवी उघडताच कळायचं. रागावलेलं माणूस कोंबतं. घडी घालायची तर बसावं लागतं, कपडा मांडीवर घ्यावा लागतो, त्यावरून हात फिरवावा लागतो. आणि त्या पोरीला तर एकच हात होता. एका हाताने आईच्या शालीची घडी घातली असेल, तर हनुवटीखाली धरून घातली असेल. ती पोर लांब गेलेली नाही. मॅडमला जाऊन तेवढं सांग.

आणि दुकानदारीण म्हणाली की कोंबलेले होते, तर मॅडमला सांग, घडी घातलेले होते.

आजी